मोकळी खुंटी

खांब्या हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. क्लबात आला तेव्हा अंगावर मांस नव्हतं, नुसती उंची. पहिल्याच सरावाला कोणीतरी म्हणालं, "अरे, गोलला दोन खांब पुरत होते, हा तिसरा कोणी रोवला?" झालं, तेव्हापासून खांब्या. आणि गडी खेळलाही खांबासारखाच. गोलच्या पुढ्यात उभा राहायचा, येईल तो बॉल डोक्याने परत धाडायचा. नाक दोनदा मोडलं. उभ्या जन्मात तीन गोल केले, त्यातला एक आपल्याच जाळीत. पेपरात फोटो आला तो नेमका त्याचाच.

त्याच्या पाठीमागे गोलमध्ये डिंक्या. हाताला लागलेला बॉल सुटायचा नाही, म्हणून डिंक्या. मैदानावर या दोघांचं बोलणं एका शब्दाचं. उंच बॉल आला की डिंक्या मागून ओरडणार, "माझा!" आणि खांब्या मागे न बघता मान खाली घालणार. बॉल डोक्यावरून जायचा आणि मागे थप्प करून बसायचा. बाई नवऱ्यावर टाकणार नाही एवढा भरवसा खांब्याने त्या शब्दावर टाकला होता.

लग्न त्याचं राहून गेलं. हा मोसम संपू दे, पुढचा संपू दे म्हणता म्हणता डोक्यावरचे केस संपले. लाँड्रीच्या वर एक खोली, तीत कॉट, स्टोव्ह आणि चिखल वाळलेले बूट. खालून इस्त्रीची ऊब यायची तेवढीच. रविवारचं जेवण मात्र डिंक्याकडे. डिंक्याची बायको न विचारता त्याचं ताट मांडायची. "भावजी, हात धुवा," एवढंच आमंत्रण.

क्लबात एक रीत होती. सामन्याच्या दिवशी मॅनेजर सगळ्यांच्या आधी यायचा आणि खेळणाऱ्यांच्या जर्स्या ज्याच्या त्याच्या खुंटीला अडकवून जायचा. ज्याची खुंटी मोकळी, तो बाहेर. तोंडाने कोणी काही सांगायचं नाही. खांब्याचा गुडघा कुरकुरायला लागला त्या साली एके दिवशी त्याची खुंटी मोकळी निघाली. तो तिच्याकडे बघत उभा, आणि बाकीचे आपले खाली वाकून नाड्या बांधतायत. एवढ्या नाड्या कुठल्या बुटाला नसतात.

संध्याकाळी तो डिंक्याला म्हणाला, "कुत्र्याला हाकलतानासुद्धा माणूस हाड म्हणतो. मी त्या जागी असतो तर तोंडावर सांगितलं असतं."

"बघू की," डिंक्या म्हणाला. "जागा तर मिळू दे."

मिळाली. पुढच्या मोसमात टीम सपाटून हरायला लागली, जुन्या मॅनेजरला नारळ मिळाला आणि अध्यक्षांनी खांब्याला बोलावलं. अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी. म्हणाले, "गुडघा गेला तर गेला, डोकं शाबूत आहे ना? ऐक. टीम खालच्या गटात घसरली, तर मी या मैदानाचं गोदाम करीन."

पहिल्या दिवशी खांब्या खेळाडूंच्या खोलीत शिरला आणि आतला हशा पटकन बंद पडला. मॅनेजरची नक्कल चालली होती, हे त्याला सांगावं लागलं नाही. गेल्या वर्षापर्यंत ती सगळ्यात झकास तोच करायचा. बसमध्ये त्याला पुढची सीट मिळाली, शेजारची रिकामी. जो तो साहेब म्हणायला लागला. एक डिंक्याच तेवढा खांब्या म्हणायचा.

आणि नेमकी डिंक्याचीच गोष्ट त्याला ठाऊक होती. खांब्या खेळला त्या शेवटच्या मोसमात दिव्याखालच्या सामन्यांत "माझा!" अर्धा श्वास उशिरा यायला लागलं होतं. डिंक्याचे डोळे मंदावले होते. हे फक्त खांब्याच्या मानेला कळलं. तो हाकेची वाट न बघता बॉल स्वतःच उडवायचा आणि वर म्हणायचा, "ऐकूच आलं नाही रे." लोक त्याला बहिरा म्हणायचे. म्हणू देत. आता त्याच्या जागी नवा गडी होता. तो भाबडेपणाने हाकेची वाट बघायचा, गोल व्हायचा, आणि शिव्या त्यालाच बसायच्या.

शेवटचा सामना आला. हरलो तर गोदाम. सामना दिव्याखालीच होता, आणि दुसरा गोली तयार होता. आदल्या दिवशी खांब्या तोंडावर सांगायला म्हणून डिंक्याकडे गेला.

"अगबाई, भावजी! आज रविवार नाही."

"माहितेय वहिनी. आपलं सहज."

तिने ताट मांडलं. वाढता वाढता म्हणाली, "दिवे लागले की यांना ताटातलं मीठ दिसत नाही. डॉक्टर म्हणतात चष्मा लावा. चष्मा लावून कोणी गोलमध्ये उभं राहतं का? तुम्हीच सांगा भावजी."

डिंक्याचा घास हातातच राहिला. तो खांब्याकडे बघत होता. नवरा-बायकोने बोलण्याचं दार सताड उघडून धरलं होतं, नुसतं आत पाऊल टाकायचं.

"उद्या गवत ओलं असेल," खांब्या म्हणाला.

"असेल," डिंक्या म्हणाला.

फाटकाशी डिंक्याने विचारलं, "खांब्या, काही बोलायचं होतं का?"

"नाही रे. लवकर झोप."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांच्या आधी येऊन खांब्याने जर्स्या अडकवल्या. गोलीची जर्सी हातात धरून डिंक्याच्या खुंटीपुढे बराच वेळ थांबला. मग ती शेजारच्या खुंटीला लावली आणि बाहेर जाऊन कोपऱ्यातले झेंडे ताठ करत बसला. ते ताठच होते.

तो आत आला तेव्हा डिंक्या दुसऱ्या गोलीच्या हातमोज्याचा पट्टा आवळत होता. त्याचा स्वतःचा कोट मोकळ्या खुंटीला लटकत होता. बाकीच्यांच्या माना नाड्यांत.

"खुंटीने सांगितलं मला," डिंक्या वर न बघता म्हणाला. "बरी बोलते. काल हिलाच जेवायला बोलवायला पाहिजे होतं."

कोणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यावर नेलं.

"डिंक्या, ऐक जरा..."

"सुरू करा साहेब. पोरं खोळंबलीत."

सामना बरोबरीत सुटला आणि तेवढ्यावर टीम तरली. अध्यक्षांनी मिठी मारली. खांब्याला फक्त सिमेंटचा वास आला.

पुढच्या रविवारी तो डिंक्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. येऊ नको असं कोणी म्हटलं नव्हतं. पण "हात धुवा" म्हणेल का, हे बघायची छाती झाली नाही. परत येऊन त्याने स्टोव्ह पेटवला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. जर्स्या अजूनही खुंटीला लागतात, पण ज्याला वगळायचं त्याच्या घरी साहेब आदल्या दिवशी जातात, उंबऱ्यावरच उभे राहतात, सांगतात आणि पाणीसुद्धा न घेता परततात. साहेब कडू आहेत, पण तोंडावर बोलतात, असं पोरं म्हणतात. कोणाकडून शिकले, ते पोरांना माहीत नाही.

डिंक्या येतो सामन्याला. बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून गोलच्या मागे बसतो, शेंगा फोडत. साहेबांकडे बघत नाही. पण उंच बॉल आला की त्याच्या तोंडून निसटतंच, "माझा!" अर्धा श्वास उशिरा. आजूबाजूचे लोक हसतात.

पलीकडे रेषेजवळ साहेबांची मान खाली जाते. मग ते उगाच पायाशी पाण्याची बाटली शोधल्यासारखं करतात.