विरजण घातलेली बादली

बादलीतून धूर निघाला तेव्हा आमचे मालक तिच्यावर वाकलेले होते. आतलं चिकट औषध, रेझिन म्हणतात ते, आधी पिवळं, मग तांबूस झालं आणि प्लॅस्टिकच्या बादलीचं बूड मऊ पडून एका अंगाला बसलं. मालकांना दमा. धूळ येऊ नये म्हणून खोलीचं दार लावलेलं, खिडकीला पोतं ठोकलेलं. मी मेजाच्या दुसऱ्या टोकाला फळीच्या कडेची कणीक दाबत होते.

"आवं, सोडा ती बादली!"

"फळी पेटंल," एवढंच बोलले आणि बादली उचलायला गेले. उचलली नाही. खोकत खोकत तिथंच गुडघ्यावर बसले.

ही फळी म्हणजे समुद्राच्या लाटेवर उभं राहून घसरायची फळी. जालन्यात समुद्र नाही हे मला माहीत होतं, तरी आमच्या मस्तगड भागातलं प्रत्येक माणूस दारात येऊन ते सांगून गेलं. "काय वो, कुंडलिकेला लाटा आल्या का?" असं गावच्या नदीवरून विचारून हसायचे. आमचे जावई गोव्याला फायबरच्या होड्या करायच्या कारखान्यात होते. काम बंद होतं म्हणून आमच्या पोरीला घेऊन आमच्याकडे आले, आणि तिथल्या एका गिऱ्हाइकाची फळी आमच्या मधल्या खोलीत करायला घेतली.

आत थर्माकोल. त्यावर काचेचं कापड रेझिनमध्ये भिजवून, त्यावर कडक फोमचं पातळ पान. वरून तसं, खालून तसं. जावई त्याला सँडविच म्हणत. मी म्हणाले, ही तर पुरणपोळी, आत मऊ न् वर पापुद्रा. ते चिकटेपर्यंत सगळीकडून सारखं दाबून धरावं लागतं. वजन ठेवलं तर थर्माकोल दबतं. म्हणून वरून जाड प्लॅस्टिक टाकून, जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर लावून आतली हवा ओढायची. पण कडेनं हवा शिरायची, चिकटपट्टी उकाड्यानं सुटायची. शेजारची चाची बघायला आल्ती. म्हणाली, "दम की हंडी को क्या लगाते? आटा लगाव ना!" बिर्याणीच्या हंडीच्या झाकणाला लावतात तशी मी कणीक घट्ट मळून कडेनं वळकटी बसवली. हवा थांबली. फक्त कणीक वाळून तडकू नये म्हणून ओला हात फिरवत राहायचं.

घोळ झाला तो विरजणामुळं. रेझिनमध्ये दुसरं औषध मिसळताना जावई मालकांना म्हणाले होते, "मामा, हे विरजण समजा. घातलं की घट्ट होतं." मालकांचा जन्म म्हशींत गेलेला. लग्नाघरी दही लावायचं तर वाटीवाटीनं कोण लावतं? जावई मात्र वाटीवाटीनंच मिसळत होते. मालक मला म्हणाले, "पोरखेळ करून राह्यले जावाईबापू." जावई कॉम्प्रेसर बघायला बाहेर गेले, तेवढ्यात यांनी दुसऱ्या बाजूसाठी उरलेलं रेझिन न् औषध सगळं बादलीत ओतून घोटलं. औषध घातलेलं रेझिन एका जागी जास्त साठलं की ते आपल्याच उष्णतेनं उकळतं. हे सांगायचं जावयांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी दार उघडलं आणि मालकांना काखेत धरून ओढत बाहेर आणलं. जावयांनी फावड्यानं बादली अंगणात ढकलली. मालकांच्या छातीत शिटी वाजत होती. मग शिटीपण थांबली. ओठ निळे पडले.

"मामा, श्वास घ्या ना, मामा!" जावई रडायला लागले.

"रडू नका. ऑटो बघा."

नवीन जालन्यातल्या दवाखान्यापर्यंत मी त्यांच्या नाकाखाली बोट धरून बसले. वारा लागायचा. मग लागायचा न्हाई. मग मी त्यांच्या पाठीत धपका घालायची. पुलावर गाड्या अडकलेल्या. ऑटोवाल्यानं विचारलं, "मावशी, काय खाल्लं यांनी?"

"दही लावत होते."

त्यानं एकदा मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि हॉर्न दाबून धरला.

डॉक्टरांनी सुई टोचली, ऑक्सिजन लावला. मला बाकावर बसवलं, पण मी दारातच उभी राहिले. तिथून छाती हलताना दिसत होती. ऊन उतरल्यावर मालकांनी डोळे उघडले.

"लागलं का?"

मला वाटलं, माझी विचारपूस करतात. "न्हाई लागलं मला कुठं."

"तुला न्हाई गं. फळीला."

तेव्हा कळलं, हे वाचले.

जावयांना तिथं बसवून मी सांगायला घरी आले तर कॉम्प्रेसर चालूच. चाची दार सताड उघडं ठेवून मेजापाशी बसलेली, हातात पाण्याची वाटी, कणीक ओली करत होती. "दम बीच में नहीं तोड़ते," म्हणाली. पान बराबर चिकटलं होतं.

फळी गोव्याला गेली. बादलीचा गोळा अंगणात दगड होऊन पडला, तो अजून आहे. मालक पुढं म्हातारे होऊन गेले, दम्यानं नाही. त्या धुरात आम्ही दोघं होतो. दोघंही जगलो.