एक पाय जीपच्या पायरीवर

पौडच्या ब्लॉक ऑफिसात मी कारकून होतो, तेव्हा कपाटात कागद साठले त्याहून जास्त किस्से माझ्या डोक्यात साठले. कागद वाळवीने खाल्ले. किस्से मात्र शाबूत आहेत!

याला कारण आमचे साहेब. सगळी मुळशी पालथी घालणारा माणूस, खुर्चीत बसायचेच नाहीत! एक पाय जीपच्या पायरीवर, इंजिन सुरू, आणि तेवढ्यात होईल तेवढंच वाचायचे.

*

एका ग्रामसेवकाने नव्या विहिरीचा आठ पानी रिपोर्ट आणला. साहेबांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं. "अहो, पाणी लागलं का?"

"सातव्या पानावर लागलंय, साहेब!"

*

हेडक्लार्क भाऊसाहेबांना हुकूम झाला, सगळ्यांना थोडक्यात लिहायला सांगा. तीन दिवस खपून त्यांनी त्यावर चार पानी परिपत्रक काढलं! साहेबांनी समासात लिहिलं, "तुम्हीसुद्धा."

*

मग मला चेव आला. एका गावचा सरकारी वळू मेला, तर मी पुण्याला लिहिलं, "वळू मेला. दुसरा पाठवा." साहेब बेहद्द खूश!

आठवड्याने ट्रक आला आणि वळू थेट ऑफिसच्या दारात उतरवून निघून गेला. मी गावाचं नावच लिहिलं नव्हतं!

"साहेब, आता हा बांधायचा कुठं?"

"तुमच्या टेबलाला!" म्हणाले, आणि जीप सुटली.

*

धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीची होडी फुटली होती. भाऊसाहेबांनी वाडीकरांना लिहून दिलेले दोन लांबलचक अर्ज तसेच पडून होते. एके दिवशी त्या वाडीची सोनाबाई पाण्याला वळसा घालून, दिवसभर चालून ऑफिसात आली. सुनेला नववा लागला होता आणि सुईण राहायची अलीकडच्या काठाला.

बाहेर जीप सुरू झाली. "लिव रं बाबा, लौकर!" ती ओरडली. ती बोलली तसंच मी लिहिलं, "सून पल्याड, सुईण अल्याड, मधी पाणी. होडी न्हाई." वाडीचं नाव मात्र या खेपेला सगळ्यात आधी!

साहेबांनी वाचलं आणि पायरीवरचा पाय खाली घेतला. त्याच कागदावर लिहिलं, "होडी आजच द्या." मला तर नाचावंसं वाटलं!

दहा दिवसांनी वाडीच्या मास्तरांनी सोनाबाईसाठी लिहिलेलं पोस्टकार्ड आलं. भाऊसाहेब त्यात आभार शोधत बसले. कार्डावर एवढंच होतं, "होडी आली. सुईण आली. नात झाली. दोगी बऱ्या हायेत."

साहेबांचा एक पाय पायरीवर होता, इंजिन सुरू होतं. त्यांनी कार्ड वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं!