बहिणीच्या लग्नासाठी बसवलेला दात
लवंगेच्या तेलाचा वास आला की दातांचा दवाखाना आठवतो आणि माझं डोकं अजूनही सणकतं. चौदाव्या वर्षी हापशाचा दांडा तोंडावर बसला आणि वरचा समोरचा दात मुळासकट गेला. शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "हिचा जबडा अजून वाढतोय. हाडात स्क्रू घालून दात बसवला तर बाकीचे खाली सरकतील, हा तिथेच राहील. वाढ थांबेपर्यंत काढता-घालता दात वापरू दे." आत्या उसळली, "बहीणना लगीनमा ही बोखीच हिंडी का?" आणि तिने मला थेट सुरतच्या बसमध्ये घातलं. तिथल्या डॉक्टरने माझं वयसुद्धा विचारलं नाही, लग्नाची तारीख मात्र विचारली आणि त्याआधी हाडात स्क्रू घालून दात बसवून दिला. सोबत आलेले वडील नुसती मान डोलावत बसले. तोंड माझं होतं, पण मला कुणी काही विचारलंच नाही. बहिणीच्या लग्नात मी खिदळत मिरवले, हेही खरं. मागच्या महिन्यात माझं लग्न झालं, तोवर तो दात शेजारच्या दातांपेक्षा चांगला गव्हाच्या दाण्याएवढा वर राहिलेला. फोटोवाला समोर उभा राहिला, तशी आत्याच पुढे येऊन माझ्या कानात म्हणाली, "तोंड मिटीसन हास, माय."