पट्ट्या, पायपुसणी आणि साहेबांची पँट

नदीकाठच्या कॅम्पवर तीन मोसम काढले की किस्से साचतातच. सोनं साचत नाही, किस्से साचतात! मी चंद्रपूरचा, त्या कॅम्पवर मशीन चालवायला होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वैनगंगेच्या वाळूत सोन्याचे बारीक कण असतात, ते मशीनने काढता येतात का हे एका कंपनीला बघायचं होतं.

मशीन म्हणजे काय, तर तराफ्यावर एक पंप. तो वाळू-पाणी ओढून उतरत्या पाटावर टाकायचा. पाटात आडव्या लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांखाली चटई. वाळू वाहून जायची आणि जड सोनं पट्ट्यांआड अडकून चटईत बसायचं. निदान बसायला हवं होतं.

अट सरळ होती. हाताने निघतं त्यापेक्षा मशीनने जास्त सोनं काढलं, तर कंपनी तो वाळूपट्टा लीजवर घेणार. मग तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाळू धुणाऱ्या सोनझरी लोकांना पाय ठेवता येणार नव्हता. हे कॅम्पच्या पाठक साहेबांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि सोनझरी पाड्यावरच्या भागरथाबाईंनाही ठाऊक होतं.

* * *

पट्ट्या बनवल्या अहेरीच्या रहीमभाईंनी. खिडकीच्या ग्रील आणि कपाटं बनवणारा माणूस, हाताला फार सफाई. साहेबांनी त्यांना नकाशा दिला. आठ दिवसांनी पट्ट्या आल्या त्या हिरव्यागार, चकचकीत. दोन हात ऑइलपेंट मारलेला!

साहेबांनी कपाळाला हात लावला. तेलकट रंगावरून बारीक सोनं घसरून जातं.

"पाण्यात रायनार म्हनून रंगवलं, साहेब. गंज नाई लागला पायजे ना."

शेवटी पट्ट्या विस्तवावर धरून सगळा रंग जाळला. रहीमभाई बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "तीस साल झाले काम करून राह्यलो. माझ्या कामाले कोनी आग नव्हती लावली."

तरी दुसऱ्या दिवशी ते आपणहून कॅम्पवर आले. पट्ट्यांमधलं अंतर त्यांना पटलं नव्हतं. मग ते येतच राहिले.

* * *

चटईचं तर विचारूच नका. कंपनी मुंबईहून खास चटई पाठवणार होती, ती काही आली नाही. आधी बारदान लावलं, ते चार दिवसांत सडलं. मग महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरली. मी तिथून काथ्याची सहा पायपुसणी आणली. पाच साधी, सहाव्यावर लाल अक्षरांत 'सुस्वागतम'. तेच मापात बसलं.

भागरथाबाई काठावर बसून बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून काय लिहिलंय ते मला विचारलं. मी सांगितलं.

"या म्हनता," त्या म्हणाल्या, "अन् आल्यावर पाय पुसायले लावता. कसं येईन सोनं?"

आलंही नाही. काथ्यात नुसती काळी वाळू भरली.

* * *

मग साहेबांनी कुठेतरी वाचलं की रेघारेघांचं कॉर्डरॉय कापड बारीक सोनं छान धरतं. गडचिरोलीत मिळेना, चंद्रपुरात मिळेना. साहेबांची एक तपकिरी कॉर्डरॉयची पँट होती, मेहुण्याच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेली. एका रविवारी त्यांनी ती बाहेर काढली, जरा वेळ मांडीवर ठेवली आणि माझ्या हातात कात्री दिली.

तीन मोसमांतली सगळ्यात चांगली चटई तीच ठरली!

सुट्टीत साहेब नागपूरला गेले तेव्हा वहिनींनी पँटची चौकशी केली. साहेब म्हणाले, "कामावर आहे."

* * *

चटई झटकून जी काळी वाळू निघायची, त्यातून सोनं वेगळं करणं हे आमच्यापैकी एकालाही जमलं नाही. ते हातानेच, लाकडी पाटीत पाणी हलवत करावं लागतं. म्हणून साहेबांनी भागरथाबाईंनाच कामावर ठेवलं. म्हणजे बघा, मशीनने किती सोनं काढलं ते ठरायचं त्यांच्याच पाटीत.

मला त्याची लाज वाटायची. एकदा न राहवून विचारलं, "बाई, हे मशीन तुमची वाळू घेऊन जाईन. तुमी काऊन याच्यासाठी धुता?"

त्या पाटी हलवतच होत्या. "मी नाई आली तर दुसरीले आनान. तिचा हात कच्चा असला तर सोनं वाया जाईन. मले नाई पाहवत ते, भाऊ."



* * *

तिसऱ्या मोसमाच्या शेवटी पक्की टेस्ट झाली. एकाच जागची वाळू, पन्नास घमेली बाईंना आणि पन्नास मशीनला. बाईंनी आपली वाळू दोन दिवसांत धुतली. साहेबांनी ते सोनं बाटलीत घेऊन वजन केलं. मग मशीन चालवून पँटच्या चटया धुतल्या आणि ती काळी वाळू बाईंच्या पाटीत ओतली.

रहीमभाई, मी, साहेब, तिघंही काठावर उभे. पाटीला एक जास्तीचा हिसका दिला असता तर अर्धं सोनं नदीत गेलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. बाईंनी तो दिला नाही. शेवटची काळी वाळू सरली आणि पाटीत पिवळी रेघ उरली. त्यांच्या स्वतःच्या सोन्याच्या दुप्पट तरी असेल.

"मशीनचं जास्त हाय, सायेब," असं म्हणून त्यांनी पाटी पुढे केली.



बाटली आणि तराजू तराफ्यावर होते. साहेबांनी पाटी घेतली आणि काठावरून तराफ्यावर टाकलेल्या फळीवर पाय ठेवला. तीन मोसम ती फळी साहेब वही वाचत वाचत ओलांडायचे. त्या दिवशी मधोमध त्यांचा तोल गेला. पाटी पाण्यात कलती झाली, आणि वर आली तेव्हा धुतल्यासारखी स्वच्छ होती.

वाळू अजून आहे, पुन्हा घेऊ, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात रहीमभाईंनी माझ्या पायावर पाय ठेवला.

बाईंनी पाण्यात उतरून साहेबांच्या हातातली पाटी घेतली. रिकाम्या पाटीकडे बघितलं, मग साहेबांकडे बघितलं.

"पाटी दोन्ही हातानं धरावं, सायेब."

"हो बाई. चुकलं."

साहेबांनी ओले हात शर्टाला पुसले, वही उघडली आणि मशीनच्या रकान्यात लिहिलं, 'सोने आढळले नाही.' खाली सही केली आणि मला पंप खोलायला सांगितलं.