एकोणचाळिसाव्या दिवसाची करंजी

रायपूर राजधानी झालं तेव्हा शहरात ज्याला-त्याला काहीतरी मिळालं. कोणाला बढती मिळाली, कोणाला बंगला मिळाला, मला कावीळ मिळाली.

(एका बैठकीत चार बर्फगोळे खाल्ल्यामुळे ती झाली, असं माझी बायको सुनंदा सगळ्यांना सांगते. हे साफ खोटं आहे. सहा होते.)

कावीळ अशी जोरदार, की मी ओसरीत बसलो तर येणारे-जाणारे हळदीचं घर समजून आत डोकावायचे! दीड महिना मी उसाचा रस, पपई आणि मुर्रा यांवर काढला. (मुर्रा म्हणजे चुरमुरे. नाव बदललं म्हणून चव येत नाही.) मग डोळे पांढरे झाले, भूक परतली, आणि खरा आजार सुरू झाला. मला तळलेलं खावंसं वाटू लागलं.

'वाटू लागलं' हे फार सभ्य झालं. मी पडल्या पडल्या वर पाहिलं की पंखा मला जिलबीसारखा दिसे. पाऊस पत्र्यावर वाजला की कढईत कोणीतरी भजी सोडतंय असा भास होई. एकदा मुलीच्या, चिनूच्या, भूगोलाच्या वहीतली पृथ्वी मला इतकी टम्म फुगलेली दिसली, की मी वही नाकाजवळ नेली.

"मम्मी! पापा मेरी कॉपी सूंघ रहे हैं!" चिनू ओरडली. (आमची चिनू मराठी सगळं समजते, पण चहाड्या हिंदीत करते.)

सुनंदानं मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, "हे असं होतं. दीड महिना जिभेला काही मिळालं नाही, आता ती सगळ्यात आधी उठून बसली आहे. ही भूक पोटातली नाही, डोक्यातली आहे. लाट येते तशी जाते. इच्छा झाली की घड्याळ बघा, वीस मिनिटं थांबा. पाणी प्या, मुर्रा चावा, फिरून या. पण अजून चाळीस दिवस तळलेलं बंद म्हणजे बंद!"

घरी आल्यावर सुनंदानं देवापुढे हात जोडले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. ती म्हणाली, "महालक्ष्मीमाय, ह्यांचे सलग चाळीस दिवस बिनतेलाचे जाऊ दे. तोवर मी चहा घेणार नाही!"

आता हे समजून घ्या. माझी बायको दिवसाला सात कप चहा पिणारी. लग्नात सप्तपदीच्या तिसऱ्या पावलावर थांबून तिनं चहा मागितला होता. (भटजींनी पण घेतला.) अशा बाईनं चहा सोडला! आणि वर अट अशी, की मी मध्ये घसरलो तर तिचे दिवस पुन्हा एकपासून.

रोज संध्याकाळी ती माझी बोटं हुंगायची. तपासणी नाक्यावर ट्रक थांबवतात, तसा मी हात पुढे करून उभा.

बाविसाव्या दिवशी लाट आली. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार मी फिरायला गेलो. आता बूढ़ापाऱ्यात राहणारा माणूस फिरायला कुठे जाईल? तलावावर. आणि तलावाच्या काठी काय असतं? पाणी कमी, कढया जास्त! आलूगुंडा म्हणजे आपला बटाटेवडा, फक्त तब्येतीनं चांगला. मी एकच खाल्ला, हात तलावावरच्या नळाखाली दोनदा धुतले, वर पेरूची पानं चोळली.

सुनंदानं बोटं हुंगली. कॅलेंडरजवळ जाऊन एकवीस फुल्या खोडल्या, आणि आमच्यासाठी चहा करताना तोंड भिंतीकडे करून उभी राहिली. मला इतकी शरम वाटली, इतकी शरम वाटली, की मी सबंध अर्धा तास दुसऱ्या आलूगुंड्याचा विचार केला नाही.

पुन्हा एकपासून मोजणी सुरू झाली. या वेळी मी लोखंडाचा झालो. दहा गेले, वीस गेले, तीस गेले. आणि भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. पूजेचा दिवस नेमका एकोणचाळिसावा! मध्ये एकच दिवस, मग सकाळी उठून सुनंदा चहा घेणार होती. तिनं त्यासाठी आलं आणून ठेवलं होतं. मधूनच जाऊन ती त्या आल्याकडे बघून यायची.

नागपूरहून यमूआत्या आली होती. माझी ही आत्या आली की घरातली भांडीसुद्धा शिस्तीत राहतात. तिनं दोन दिवस खपून फुलोरा तळला. देवीसाठी करंज्या, वेणी, फणी, आरसा, चंद्र, सगळं कणकेचं, खरपूस तळलेलं, आणि दोऱ्यांनी बांधून दोन्ही महालक्ष्म्यांच्या डोक्यावर लाकडी चौकटीला टांगलेलं.

दुपारी सगळ्या बायका मागं सोळा भाज्यांमध्ये गुंतल्या. आत्या बाहेर आली.

"मध्या, रिकामाच बसून राहिला ना? इथं बस. मांजर येऊन राहिली सारखी. फुलोऱ्यावर लक्ष ठेव."

"मी?" माझा आवाज चिरकला.

"मंग काय मांजरीले ठेवू?"

मी बसलो. पंखा तीनवर होता. वर करंज्या हळूहळू झुलत होत्या. तुपाचा वास खाली उतरत होता. लाट आली. मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून पाच मिनिटं. मी पाणी प्यालो. मुर्रा चावला. मुर्रा खाताना माणसाला मुर्रा खाल्ल्यासारखंच वाटतं, ही त्यातली मोठी अडचण. तीन पंधरा. मी मांजरीची वाट पाहिली, म्हणजे निदान दोघांत तरी खाल्लं असतं. तीन पंचवीस! वीस मिनिटं पूर्ण झाली आणि लाट आपली तिथंच पाय पसरून बसलेली. त्यानंतर काय करायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

मी स्टुलावर चढलो. हात लावणं शक्य नव्हतं, संध्याकाळी बोटांची तपासणी होती. म्हणून हात पाठीमागं बांधले, मान वर केली आणि तोंड उघडलं. करंजी पंख्याच्या वाऱ्यानं आली, नाकावर आपटली, परत गेली. दुसऱ्यांदा गालावर बसली. तिसऱ्यांदा मी बोराच्या झाडाला लागलेल्या बकरीसारखी मान लांबवली आणि कर्रकन् अर्धी तोडली!

काय सांगू! कानात सनई वाजली. मग फणीचे चार दात गेले. मग चंद्र. पौर्णिमेचा होता, दोन घासांत चतुर्थीचा झाला.

भानावर आलो तेव्हा आतून पावलं वाजली. मी स्टूल सरकवून, डोळे मिटून, भिंतीला टेकून बसलो. आत्या आली. वर पाहिलं.

"अगं बाई! फुलोरा कोणं खाल्ला?"

सगळ्या धावल्या. मी दचकून उठल्याचं सोंग केलं. "मांजर असेल."

"मांजर काय दोरीले लटकून खाईन का रे?"

"मग उंदीर."

"अन् खाली एक कण नाही सांडला?" (सांडेल कसा? एकोणचाळीस दिवसांचा उपाशी होतो!) आत्यानं फुलोऱ्याकडे पाहिलं, देवीच्या मुखवट्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. "सुनंदा... माय जेवून गेली गं!"

त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. पण कॅलेंडरवर अडतीस फुल्या होत्या आणि ओट्यावर आलं होतं. शिवाय मी स्वभावानं थोडा सांगोपांग माणूस.

"तरीच!" मी म्हणालो. "डोळा लागला होता, तर पैंजण वाजल्यासारखे झाले..."

"मोठी आली होती का लहान?" आत्यानं माझा दंड धरला.

"मोठी."

"अन् लहान काहून नाही आली?" आत्याचा चेहरा पडला.

"ती... वाढायला थांबली असेल."

शेजारची साहूइन दीदी मदतीला आली होती. तिनं कानशिलावर बोटं मोडली. "हव दीदी! सउँहत महतारी आए रिहिस!" साक्षात आई आली होती म्हणत ती जी बाहेर पळाली, ती पाऊण तासात अर्धा बूढ़ापारा घेऊनच परतली. गल्लीत स्कूटरी अडकल्या. सदर बाजारातून दोन बायका रिक्षानं आल्या. नुकताच तीजा, म्हणजे आपली हरतालिका, होऊन गेला होता, प्रत्येकीच्या घरी ठेठरी-खुरमी उरलेली. ती सगळी देवीला आली! बेसनाची तळलेली ठेठरी, गुळाची तळलेली खुरमी, ताटांवर ताटं, आणि मधोमध मी. दर पाच मिनिटांनी मला गोष्ट नव्यानं सांगावी लागे. पाचव्यांदा सांगताना देवी हिरव्या शालूत होती, आठव्यांदा ती माझ्याशी वऱ्हाडीत बोलली. बायका माझ्या पाया पडू लागल्या!

मग आत्यानं ती अर्धी करंजी खाली उतरवली. "हा देवीचा उष्टा प्रसाद. सुनंदा, मध्याले भरव. कावीळ मुळासकट जाईन!"

मी तर तोंड उघडूनच उभा होतो. एरवी पाप, इथं पुण्य!

सुनंदानं करंजी हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली. उजेडाकडे फिरवली. आणि थांबली.

इथं एक कौटुंबिक माहिती देणं भाग आहे. माझ्या पुढच्या दोन दातांमध्ये फट आहे. साधी फट नव्हे, तिच्यातून मी शीळ घालतो, सीताफळाची बी उडवतो. मी काहीही चावलं तरी मध्ये एक पातळ भिंत उभी राहते. करंजीवर ती भिंत होती. झकास, कोरीव, देवळाच्या शिखरासारखी.

सुनंदानं करंजीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"अहो," ती गोड आवाजात म्हणाली, "जरा हसा बरं."

चाळीस बायका बघत होत्या. मी ओठ मिटले.

"हसा की जी! देवी घरी आली, आनंद नाही झाला?"

मी मान हलवून आनंद दाखवला. ओठ मिटलेलेच. कोपऱ्यातून चिनू करंजी निरखत होती. तिनं तोंड उघडलं. "मम्मी, ये तो पापा के—"

"चिनू, जा, चहाचं आधण ठेव," सुनंदा म्हणाली. "मोठ्या पातेल्यात. आलं ओट्यावर आहे."

आत्या चमकली. "अवो, अन् तुझा नवस?"

"आत्याबाई, देवी स्वतः जेवून गेली म्हणजे नवस पोचला! आता मी चहा घ्यायला मोकळी." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. एकोणसाठ दिवसांचा चहा त्या नजरेत उकळत होता. "अन् माय ह्यांच्याच वाटचं तळलेलं जेवून गेली. आता ह्यांनी खाल्लं तर तिच्या तोंडचं काढून घेतल्यासारखं होईन. पुढच्या महालक्ष्म्यांपर्यंत ह्यांना तळलेलं वर्ज्य! भाजी फक्त दुधीची. बरोबर आहे ना जी? तुमच्याशी तर देवी बोलली!"

नाही कसं म्हणणार? नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं!

"महालक्ष्मीमाय की जय!" साहूइन दीदी गरजली. साऱ्या बूढ़ापाऱ्यानं साथ दिली. माझी करंजी चाळीस जणींत वाटली गेली. सुनंदा पितळी ग्लास भरून चहा घेऊन माझ्यासमोर बसली आणि एकेक घोट असा काही घेतला, की मला चहाचे डोहाळे लागले.

वर्षभर दुधी खाल्ला. डॉक्टर मला उदाहरण म्हणून इतर रोग्यांना दाखवायचे. "मनावर ताबा बघा यांचा!"

अजूनही महालक्ष्म्यांत बायका माझ्या पाया पडायला येतात. जुन्या बायका नव्या सुनांना सांगतात, की ज्यांच्याशी देवी बोलली ते हेच. तेव्हापासून फार गंभीर झाले, कोणाशी बोलत नाहीत, हसतसुद्धा नाहीत. मी तोंड मिटूनच आशीर्वाद देतो.