घड्याळ म्हणतं, मी पडले

माझ्या डाव्या मनगटावर एक काळं घड्याळ आहे. ते वेळही सांगतं, पण त्यासाठी ते घेतलेलं नाही. त्याच्या पोटात हालचाल ओळखणारं काहीतरी बसवलंय. मी चालले, बसले, आपटले की त्याला कळतं, आणि त्याला कळलं की बेंगळुरूला माझ्या मुलाला कळतं. सून बिचारी गुणी आहे माझी. चुगल्या करायला हे घड्याळ मिळालं.

खांदा कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर मी एकटी राहते. मजेत राहते हे आधीच सांगून टाकते, कारण एकटी म्हटलं की लोकांचे चेहरे लगेच दहाव्याला आल्यासारखे होतात. गेल्या वर्षी एका सकाळी बाथरूममध्ये पाय घसरला आणि मी बदकन खाली बसले. काही मोडलं नाही. खरचटलंसुद्धा नाही. पण मला उठता येईना! गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मुलाने आणि डॉक्टरांनी मिळून माझं खाली बसणं बंद केलं होतं. पाट माळ्यावर गेला, देवापुढे खुर्ची आली, भाजी टेबलावर चिरायची. इतकी वर्षं खाली बसलेच नव्हते, तर उठायचं कसं हे पाय विसरूनच गेले. कामवालीने बेल वाजवून वाजवून शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं, त्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तोवर मी ओल्या लादीवर बसून होते. रडले मी, पण दुखलं म्हणून नाही. धडधाकट बाई आणि फरशीवरून उठता येत नाही, याचा संताप आला होता.

मुलगा धावत आला. "हे हातात घाल, नाहीतर माझ्याकडे राहायला चल," म्हणाला. मी मुकाट्याने घातलं. माझं घर, माझा बाजार, माझ्या भांडायच्या मैत्रिणी सोडून तिकडे चौदाव्या मजल्यावर लिफ्टची वाट बघत कोण बसणार?

आता या घड्याळाची अक्कल ऐका. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या की ते खूश. हात हलतो ना, म्हणजे बाई फिरायला गेली! आणि खरोखर बाजारात जाऊन त्याच हातात भाजीची जड पिशवी घेऊन परत आले, तर त्याच्या लेखी मी घरात लोळत पडलेली. संध्याकाळी मुलाचा फोन यायचा, "आई, आज हललीच नाहीस तू." एकदा मी म्हटलं, "उद्या दोन भाकऱ्या जास्त थापते, चालेल?" त्याला काही कळलं नाही. मीही समजावलं नाही.

पण बाथरूममधली ती सकाळ माझ्या डोक्यातून जात नव्हती. पडायचं तर कोणीही पडेल. उठायचं कसं, ते मला परत शिकायचं होतं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांचा एक गट मंगळागौरीच्या खेळांचा सराव करायचा. लोकांकडे जाऊन खेळ करणारा गट. झिम्मा, फुगड्या, कोंबडा, सगळं जमिनीशी झोंबणारं. मी गेले आणि म्हटलं, मला घ्या. विधवा बाई मंगळागौर कशी खेळणार, असं एकीने कुजबुजत विचारलं. "पायांनी," मी सांगितलं. परत कोणी विचारलं नाही.

गटाची म्होरकी समुद्रकाठच्या करंजा गावची माहेरवाशीण. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, आवाज मात्र समुद्रापलीकडे जाईल असा. पहिल्या दिवशी मी खाली बसले आणि उठताना खुर्ची शोधायला लागले, तर तिने खुर्चीच उचलून बाजूला नेली. "काकी, पडाची लाज नाय. पडून ऱ्हावाची लाज हाय. उठ!" आधी कुशीवर वळायचं, मग एक गुडघा खाली घ्यायचा, मग मांडीवर हात दाबून उभं राहायचं. होळीपासून मी रोज तेवढंच करत होते. श्रावण येईपर्यंत मी गाठोडं करायला लागले.

गाठोडं म्हणजे मांडी घालून, दोन्ही हातांनी आपलेच पाय धरून जमिनीवर गोल लोळायचं. आणि नेमकं तिथेच घड्याळाने दगा दिला. एका दुपारी सरावात मी लोळले, आणि ते थरथरून विचारायला लागलं, तुम्ही पडलात का? उत्तर द्यायला हात मोकळा कुठला? माझा मोबाइल पर्समध्ये, आवाज बंद करून. घड्याळाने आपलं काम चोख केलं. मुलाने काकांना फोन केला. काकांनी दार उघडलं, बाथरूम बघितलं, बाल्कनीतून वाकून खालीसुद्धा बघितलं. मग वॉचमनने सांगितल्यावर धापा टाकत हॉलमध्ये आले. मागून मुलानेच बोलावलेली रुग्णवाहिका. मी पाठीवर, पाय हातात. रुग्णवाहिकेतल्या माणसाने सगळीकडे नजर टाकली आणि शेवटी काकांचंच ब्लडप्रेशर तपासलं.

आम्ही पोट धरधरून हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मुलगा उभा होता, आणि माझं हसू गेलं. डोळे सुजलेले, शर्ट कालचाच. "मला वाटलं तू परत तशीच पडून असशील," तो म्हणाला, आणि दारातच रडला. मी त्याला आत घेतलं. चहा दिला, जवळ बसले. चहा संपल्यावर त्याने मोबाइल दाखवला. रविवारची विमानाची तिकिटं, दोन.

"मला विचारलंस?"

"आई, आता विचारायचं काय राहिलंय? या वयात लोळतेस तू जमिनीवर!"

"लोळते. आणि उठते. तुझं घड्याळ तुला अर्धंच सांगतं."

तो ऐकेना. मग मीही चिडले. शनिवारी नवीन पनवेलला आमचा कार्यक्रम होता. पूजा मंगळवारी झालेली, पण त्या घरच्या सुना नोकरीच्या, म्हणून खेळ शनिवारी दुपारी. मी म्हटलं, "येऊन बस. घड्याळ माझ्या हातात राहील, मोबाइल तुझ्या हातात ठेव. पूर्ण बघ. त्यानंतर तू चल म्हणालास, तर निमूट बॅग भरते." बोलून तर बसले. रात्रभर मनात म्हणत होते, बाई, स्वतःचं घर पणाला लावलंस तू.

शनिवारी म्होरकी म्हणाली, "काकी, काढून ठेव ना ते. कोनाला कलतंय?" मी म्हटलं, "नाही. चोरी करून नाही राहायचं मला माझ्या घरात."

मुलगा पुढच्याच रांगेत, मोबाइल मुठीत. झिम्मा झाला, फुगड्या झाल्या, आणि मग मी गाठोडं केलं. एक वळसा, दुसरा वळसा. मनगटावर थरथर सुरू झाली. मी हात सोडले, कुशीवर वळले, गुडघा खाली घेतला. आणि मेला गुडघा अडकला! वर येईना. ढोलकी थांबली. गाणंही थांबलं. घड्याळ विचारत राहिलं, मी बटण दाबलं नाही. तेवढ्यात मुलाच्या हातातला मोबाइल वाजला. त्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ताडकन उठून दोन्ही हात पुढे करून माझ्याकडे यायला लागला.

"थांब!" मी ओरडले. इतक्या जोरात मी त्याच्यावर तो शाळेत असतानाही ओरडले नव्हते.

तो थांबला. हात तसेच पुढे, हॉलच्या मधोमध. म्होरकीही जागची हलली नाही, फक्त तिचे ओठ हलले. मी परत कुशीवर गेले. दुसरा गुडघा घेतला. मांडीवर हात दाबला, दात आवळले, आणि उठले. नऊवारीचा काष्टा सावरला आणि मुलाकडे बघितलं. त्याच्या मुठीतला मोबाइल अजून वाजतच होता, आई पडली म्हणून. समोर मी उभी होते. ढोलकी परत सुरू झाली, मला पुढची फुगडी होती.

रविवारी तो एकटाच गेला. जाताना उंबऱ्यावर म्हणाला, "पण परत वाजलं तर मी काय करू?"

मी म्हटलं, "आधी मला उठू दे. मग फोन कर."

त्यानंतर ते चार-पाच वेळा वाजलं. एकदा खरोखरच, स्वयंपाकघरात सांडलेल्या पाण्यावरून. तेव्हाही फोन लगेच आला नाही. मी कुशीवर वळले, गुडघा घेतला, ओट्याला न धरता उभी राहिले, पदर झटकला. मग फोन वाजला. मी उचलला. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता, कुठून तरी धावत आल्यासारखा.

"उठले रे," मी म्हटलं.