पारुबाईंचा सापळा

आमच्या शिरड शहापूरच्या महिला भजनी मंडळात पारुबाईंच्या गळ्याला जोड नाही आणि संशयी स्वभावालाही नाही. दोन वर्षांमागं त्यांच्या लेकीनं, पुनमनं, मोबाईल घेऊन दिला. तेव्हापासून दुपारी आधी लेकीला फोन, मग जुने सिनेमे. या श्रावणात त्यांना लढाईच्या काळातला एक काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा सापडला. त्यात शत्रूचे हेर गल्लीतच राहतात. एक पाव भाजतो, एक लोकांचे दात उपटतो, आणि स्वेटर विणणारी गरीब म्हातारी सगळ्यांची म्होरकी! एक शब्द कळला नाही, तरी बाईंनी तो तीनदा पाहिला.

"भाषा कशाला लागती? नजर कळती," म्हणाल्या.

आता आमचं दुखणं असं की, नरसीच्या भजन स्पर्धेत आम्ही जे बसवावं, तेच वारंगा फाट्याच्या बाया आमच्या आधी म्हणून मोकळ्या. दोन वर्षं झाली. पारुबाईंनी देवळात जाहीर केलं, "आपल्यात हेर हाय."

सगळ्यांच्या माना माझ्या सुनेकडं वळल्या. मिनाचं माहेर फाट्याचं, लग्नालाही दोनच वर्षं झालेली. पोरगी टाळ अशी वाजवते की विठ्ठलानं कमरेवरचे हात काढून ठेका धरावा. तो टाळच पारुबाईंनी तिच्या हातातून काढून घेतला.

"शोध लागंस्तोर तू मागं बस. राग मानू नको, लेकरा."

घरी येऊन मिनानं भाकरी अशी थापली की परात तीन घरं ऐकू गेली. "आत्याबाई, हेर सापडला न्हाई तर मी पुन्हा टाळाला हात लावायची न्हाई," म्हणाली. मी देवासमोर जास्तीचा दिवा लावला.

पारुबाईंनी सिनेमातलाच सापळा लावला. प्रत्येकीला एकटीला गाठून वेगळंच सांगितलं. पेमाला वासुदेव, कोणाला गवळण, मिनाला जोगवा. फाट्याच्या बाया जे म्हणतील, ते जिला सांगितलं ती हेर. मला तेवढं विश्वासात घेतलं, सुनेवर नजर ठेवायला. खरं काय म्हणायचं, ते मात्र मलाही सांगितलं नाही. "ते माझ्या पोटात हाय. मी उचलीन, तुमी मागून धरा."

नरसीला फाट्याचं मंडळ आधी उभं राहिलं. त्यांच्या म्होरक्या गोजरबाई म्हणजे पुनमची सासू. मी डोळे मिटून म्हणत होते, देवा, जोगवा नको. गोजरबाईंनी पदर खोचला आणि उचललं हळदीचं भारूड. हळद शिजल्याशिवाय, घासल्याशिवाय उजळत नाही, तसंच मनाचं, असं काहीतरी नवंच. वासुदेव नाही, गवळण नाही, जोगवा तर नाहीच!

पारुबाईंचा चेहरा उतरला. "हे माझं हाय. मी जुळवलेलं."

"कोणाला सांगितलं होतं?" मी विचारलं.

"कोणालाबी न्हाई. देवाची आन."

"कोणालाच?"

"पुनमला रोज फोनवर म्हणून दाखवते तेवढंच. आता लेकीला सांगणं म्हणजे काय सांगणं असतंय व्हय..." बोलता बोलता त्यांनी समोर पाहिलं.

समोर बसलेल्या पुनमनं आनंदानं हात हलवला. तिचा बिचारीचा काय दोष? आईचं गाणं ती भाकरी थापताना गुणगुणायची, आणि सासू चुलीजवळच बसलेली.

"पारुबाई," मी म्हटलं, "तुमी स्वेटर कधीपासून विणून राहिल्या?"

त्या उठल्या आणि मिनापुढं टाळ धरला. "घे, माय. म्होरकीच फितूर निघाली."

मिनानं टाळ घेतला. "आता तुमी मागं बसा, मावशी. राग मानू नका."

आणि पारुबाई खरंच मागं बसल्या! मिनानं पुढं होऊन जोगवाच उचलला. तिनं तो मनापासून बसवला होता. मागून सगळ्यांत मोठा आवाज पारुबाईंचा. दुसरा नंबर आला.

परतताना जीपमध्ये पुनमचा फोन. "आई, पुढच्या वर्षी काय गं?"

पारुबाईंनी मिनाकडं पाहिलं. मिनानं कानात सांगितलं.

"पाळणा, बाई," पारुबाई साळसूदपणे म्हणाल्या. "मोठ्यानं म्हणत जा, बरं का."

पाळणा आम्ही बसवणार नाही, हे देवाला आधीच सांगून ठेवलंय.